मूळ भाषकाची मुलाखत

लातूरला मी डॉक्टर व्हायला गेले होते. आमच्या नांदेडकडची पोरं बारावीच्या आधीच सामान बांधून लातूरला जातात, तशीच मीही गेले. मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा दिली, राहिले. पुन्हा बसले, पुन्हा राहिले. तिसऱ्यांदा बसायची हिंमत नव्हती आणि हे तोंड घेऊन नांदेडला परत जायचीही नव्हती. क्लासला जायच्या रस्त्यावर एक कॉलेज होतं. तिथल्या फलकावर बी.ए.च्या विषयांत मराठी, हिंदी, उर्दू, इतिहास यांच्या खाली शेवटी 'फ्रेंच' असं लिहिलेलं होतं. मी आत जाऊन अर्ज भरला. का भरला म्हणून पुढं कैक जणांनी विचारलं. खरं कारण एवढंच, की मला असं काहीतरी शिकायचं होतं ज्यात मी अजून नापास झालेली नव्हते.

अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून रंगाच्या हंड्याखालच्या गॅसचा आवाज येत होता.

"कौनसी जुबान बोली तू?"

"फ्रेंच."

"वो कां चलती?"

"फ्रान्समें. और बी मुलकांमें चलती, अब्बा."

"नांदेडमें नै चलती." मग म्हणाले, "पढ. खुदा खैर करे."

आमचं घर पिढ्यान् पिढ्या रंगाऱ्याचं. गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या एका गल्लीत अब्बांचं छोटं दुकान आहे. पुढं फळी, मागं गॅसच्या शेगड्या आणि हंडे. यात्रेकरू सरदारजी पगडीचं पांढरं कापड आणून देतात, बायका चुन्न्या आणतात, सोबत एखादा तुकडा दाखवून म्हणतात, हाच रंग पाहिजे. अब्बा तो तुकडा उजेडात धरून बघतात आणि तोच रंग काढून देतात. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळा माझी मराठीत झाली, कुराण वाचायला अरबी अक्षरं शिकले. त्यामुळं आणखी एका भाषेचं मला भय वाटलं नाही.

फ्रेंचच्या वर्गात आम्ही तिघं होतो. मी, अहमदपूरच्या शेतकरी घरातला एक मुलगा आणि लातूरचीच एक मुलगी. दुसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं आणि आम्ही दोघं उरलो. शिकवायला एकच मॅडम. त्या मूळच्या सोलापूरच्या, एकट्याच राहायच्या, केसांना मेंदी लावायच्या. आमचा वर्ग म्हणजे ग्रंथालयामागची एक खोली. बाजूनं क्लासच्या पोरांचे लोंढे जायचे, सगळ्यांच्या पाठीवर सारख्याच बॅगा. आम्ही खिडकी लावून घेऊन क्रियापदं म्हणायचो.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फ्रेंचमधला 'र' शिकवायला घेतला. तो जिभेनं नाही, घशातून काढायचा असतो. अहमदपूरच्या पोराला तो काही केल्या जमेना, गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा आणि तो स्वतःच हसत सुटायचा. मला पहिल्या खेपेला जमला. मॅडम चकित झाल्या. मी म्हटलं, "मॅडम, हा आमचा अरबीतला गैन आहे. लहानपणी मौलवीसाहेबांनी छडी दाखवून काढायला लावलेला." त्या खूप हसल्या आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे अर्धं काम झालं. आता फक्त व्याकरण राहिलं."

व्याकरणाला तीन वर्षं गेली. पदवी पुरी व्हायला काय काय लागतं ते मॅडमनी पहिल्या वर्षीच भिंतीवर लावून ठेवलं होतं. प्रत्येक सत्राचा भाषेचा पेपर, श्रवण, अनुवाद, फ्रान्सचा इतिहास आणि संस्कृती, साहित्याची ओळख, तोंडी परीक्षा. आणि शेवटच्या वर्षात प्रकल्प. तो असा, की एखाद्या मूळ फ्रेंच भाषकाची मुलाखत घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करायची, शब्दन् शब्द उतरवून काढायची, तिचा मराठी अनुवाद करायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तिच्याबद्दल फ्रेंचमध्ये बोलायचं.

"लातुरात मूळ भाषक कुठून आणायचा, मॅडम?" आम्ही विचारलं.

"इंटरनेट आहे की. फ्रान्सहून माणूस उचलून आणायला कुठं सांगतेय मी?"

अहमदपूरच्या पोराला एक म्हातारे निवृत्त गृहस्थ भेटले. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यात त्यांची शेती होती. दोघं व्हिडिओवर सोयाबीन आणि सूर्यफुलाबद्दल तासन् तास बोलायचे. त्याचं काम दिवाळीतच उरकलं. मला एक मुलगी मिळाली होती, पण दोन-चार निरोपांनंतर तिनं उत्तरं देणं बंद केलं. मी पुन्हा कुणाला शोधायचं टाळत राहिले. अनोळखी माणसाच्या चेहऱ्यासमोर बोलायचं म्हटलं की मला शिकलेलं सगळं विसरायला व्हायचं.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी नांदेडला घरी आले. एका सकाळी अब्बांना चहा द्यायला दुकानावर गेले, तर फळीपाशी एक बाई उभी होती. पन्नाशीला आलेली, पंजाबी ड्रेस, वर जाड विलायती कोट, पायात बूट. तिनं पगडीचं पांढरं कापड आणलं होतं आणि ती पंजाबीत अब्बांना रंग समजावत होती. पंजाबी तिची होती, पण सूर वेगळाच होता, शब्दांच्या शेवटी वर चढणारा. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला आणि म्हणाली, "आताँ, आताँ." म्हणजे थांब, थांब. आणि मग ती फ्रेंच बोलायला लागली.

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी. तीन वर्षं ती भाषा मी खोलीत, खिडकी लावून ऐकली होती. आमच्या गल्लीत, हंड्याच्या वाफेत, ती ऐकू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिचं निम्मंही कळत नव्हतं, इतकी ती भरभर बोलत होती. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना ती भाषा कोणती ते कळायचं कारण नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"बोल ना," ते हळूच म्हणाले. "तेरीच जुबान है ना?"

तिचा फोन संपल्यावर मी घसा खाकरला. "बाँझूर मादाम. झ स्वी एत्यूदियाँत." नमस्कार बाई, मी विद्यार्थिनी आहे. पुढचं सगळं वाक्य मी प्रकल्पासाठी पाठ करून ठेवलं होतं, पण तेवढंच तोंडून निघालं.

त्या बाईनं फोन खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, मग अब्बांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "इथं?" तिनं फ्रेंचमध्ये विचारलं. "इथं शिकलीस?"

"लातूरला," मी म्हटलं. आपण जणू एखाद्या देशाचं नाव सांगतोय असं मला वाटलं.

ती फ्रान्समध्येच जन्मलेली. तिथल्या एका शहरात ती ट्राम चालवायची. आई-वडील पंजाबातून गेलेले, वडील वारले, आई आता सत्तरीच्या पुढं. आईला नांदेडचं दर्शन घ्यायचं होतं. भावाला नोकरीतून निघता आलं नाही म्हणून हीच तिला घेऊन आली होती. दोघी यात्री निवासात उतरल्या होत्या. मी अडखळत प्रकल्पाबद्दल सांगितलं. ती लगेच म्हणाली, "परवा ये. माझीही घे आणि आईचीही घे. तिला बोलायला कुणी भेटलं की फार आनंद होतो." मी तिला दीदी म्हणायला लागले. तिला ते आवडलं.

ठरल्या दिवशी मी प्रश्न लिहून, फोन पूर्ण चार्ज करून निघाले, तर वाटेतच दीदीचा फोन. पहाटेपासून आईला धाप लागली होती आणि यात्री निवासातल्या लोकांनी त्यांना दवाखान्यात आणलं होतं. तिचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. "ये," ती म्हणाली. "इथं मला कुणाचं काही कळत नाही."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती व्हरांड्यात फाईल छातीशी धरून उभी होती. तिची पंजाबी घरातली, आईशी जेवणाखाणाचं बोलण्यापुरती. डॉक्टरांचं भरभर हिंदी आणि मधले इंग्रजी शब्द तिला झेपत नव्हते. फाईल आईच्या तिथल्या डॉक्टरांची, फ्रेंचमध्ये होती. डॉक्टर चांगले होते, तरुण, उदगीरकडचे. त्यांनी मोबाईलवरून बरंचसं भाषांतर करून घेतलं होतं, पण आधीच्या औषधांबद्दल त्यांना विचारायचं होतं, त्रास कधी सुरू झाला ते विचारायचं होतं. ते मराठीत विचारायचे, मी फ्रेंचमध्ये, आणि उत्तर उलट वाटेनं यायचं. साहित्याच्या पेपरात शिकलेले शब्द तिथं काहीच कामाला आले नाहीत. 'पायाला सूज' हे मला येत नव्हतं. मी वाकून स्वतःच्या घोट्याला हात लावला आणि म्हणाले, "मोठा, इथं मोठा?" दीदीनं मान हलवली.

दुपारपर्यंत बीजींना, म्हणजे दीदीच्या आईला, जरा आराम पडला. ऑक्सिजन चालू होता. दीदीनं मला आत नेलं आणि त्यांना पंजाबीत सांगितलं, हीच ती मुलगी. बीजींनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. नर्स ओरडली, तरी त्यांनी तो हातात धरूनच ठेवला.

"तुला परीक्षा आहे ना?" त्या मला म्हणाल्या, फ्रेंचमध्येच.

"हो."

"मग यंत्र चालू कर. मी घेते."

दीदी हसली. मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बीजींनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुझं नाव काय. तू राहतेस कुठं. तुझे वडील काय करतात. भाऊबहीण किती. पुस्तकातल्या पहिल्या धड्यातले प्रश्न होते ते, त्याच क्रमानं. त्यांच्या शहरात बाहेरून आलेल्या बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग असायचा, तिथं त्या शिकल्या होत्या. मी उत्तरं दिली. प्रत्येक उत्तराला त्या "त्रे बियँ" म्हणायच्या, छान, छान. मग त्या स्वतःबद्दल बोलायला लागल्या. त्यांच्या फ्रेंचला काळ नव्हता, पुरुष नव्हता, क्रियापदं जशीच्या तशी ठेवलेली. मराठीत सांगायचं तर असं काहीतरी: मी येणे फ्रान्स. खूप थंडी असणे. मी शिवणे पँट, दिवसभर पँट. नवरा मरणे. मुलं मोठी होणे. मी मुलांना म्हणणे, फ्रेंच बोला, चांगलं बोला, माझ्यासारखं नको.

इतकी वर्षं मी जी फ्रेंच ऐकली होती ती सगळी माझ्यापेक्षा पुढं धावायची. ही एकच अशी होती की माझ्यासोबत चालत होती. मला त्यांचा शब्दन् शब्द कळला. त्या दमल्या, नर्सनं मास्क परत लावला, आणि मी फोन बंद केला. बाहेर आल्यावर दीदी म्हणाली, "घरी ती माझ्याशी कधी फ्रेंच बोलत नाही. मी चुका काढायचे ना लहानपणी."

दुसऱ्या दिवशी बीजींची तब्येत खालावली. डॉक्टरांनी आम्हाला दोघींना त्यांच्या खोलीत बसवलं. दीदीकडं एकदा पाहिलं आणि मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "त्यांना सांगा, हृदय फार थकलंय. औषधाला दाद देत नाहीये. व्हेंटिलेटर लावता येईल, पण त्यातून आजी परत येतील असं मला वाटत नाही. लावायचं का नाही, ते त्यांनी ठरवायचं. घाई नाही, पण आज ठरवायला लागेल."

मी दीदीकडं वळले. फ्रेंचमध्ये म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय. ते सगळे प्रयत्न करताहेत."

दीदी माझ्याकडं बघत राहिली. "तो इतका वेळ बोलला," ती म्हणाली. "आणि तू एवढंसं सांगितलंस."



"पुन्हा सांग," ती म्हणाली. रागानं नाही. "सगळं सांग. मला दुसरं कोण सांगणार?"

मग मी सगळं सांगितलं. काळ चुकले असतील, लिंगं चुकली असतील, मला आठवत नाही. 'परत येणार नाहीत' हे मी अगदी साध्या भविष्यकाळात सांगितलं, कारण तोच तेवढा मला न अडखळता येत होता. दीदीनं ते ऐकलं.  मग म्हणाली, "नको. नळी नको. तिच्या कानाशी कीर्तन लावता येईल का विचार." मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "का नाही? लावा की."

त्याच संध्याकाळी बीजी गेल्या. दीदी एका बाजूला, मी दाराशी. फोनवर कीर्तन चालूच होतं, ते बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

पुढचं सगळं गुरुद्वाऱ्यातल्या लोकांनी हातात घेतलं. अंत्यसंस्कार गोदावरीच्या काठावर ठरला. दीदीच्या भावाला इतक्या लवकर विमान मिळणं शक्य नव्हतं. तो, त्याची बायको आणि मुलं व्हिडिओवर बघणार होती. भावाची बायको फ्रेंच, मुलांना पंजाबी येत नव्हती. दीदीला विधी करायचे होते, म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. "त्यांना सांगत राहा," ती म्हणाली. "काय चाललंय ते."

आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. माझ्या दादीची मयत मी खिडकीतूनच जाताना पाहिली होती. आणि आता मी नदीकाठी चितेपासून थोड्या अंतरावर उभी होते, डोक्यावर ओढणी घट्ट धरून, हातात फोन. अब्बा माझ्या मागं उभे होते. त्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. मी जाऊ का असं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "चल, मैं बी आता."

मी सांगत होते. आता प्रार्थना म्हणताहेत. आता तुमची आत्या पुढं गेली. ते जे उभे आहेत ते ग्रंथी आहेत, ग्रंथसाहिब वाचणारे. आता सगळे हात जोडताहेत. फोनच्या पडद्यावर एका पिवळ्या भिंतीच्या खोलीत सगळे चिकटून बसले होते. भाऊ तोंडावर हात ठेवून. दीदीनं अग्नी दिला. तेवढ्यात सगळ्यात लहान मुलगी, सहा-सात वर्षांची असेल, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि तिनं मला विचारलं, "एल आ माल?"

तिला दुखतंय का.

पाठीमागून तिच्या आईनं तिला ओढलं. पण ती माझ्याकडंच बघत होती. "नों," मी म्हटलं. नाही. आणि मग आणखी काहीतरी सांगायला हवं असं वाटलं म्हणून म्हणाले, "नाही राणी, तिला आता काहीच दुखत नाही." राणी हा शब्द मराठीतच निघाला. तिनं मान डोलावली, जणू तिला तोही कळला.

घरी येताना अब्बा रस्ताभर बोलले नाहीत. दाराशी आल्यावर म्हणाले, "अच्छा काम करी तू." अम्मीनं आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं.

दीदी परत गेली. पगडीचं कापड बीजींनी मुलासाठी घेतलं होतं, ते रंगवून तिनं सोबत नेलं. मी लातूरला गेले. माझ्या फोनवर बीजींचं रेकॉर्डिंग होतं. दीदीला मी ते पाठवलं होतं आणि तिनंच लिहिलं होतं, की प्रकल्पासाठी वापर, तिला आवडलं असतं. मी ते मॅडमना ऐकवलं. खिडकी लावलेल्या त्या खोलीत ऑक्सिजनचा आवाज आणि मधे बीजी: तुझे वडील काय करतात. त्रे बियँ.

संपल्यावर मॅडमनी चष्मा काढून पुसला. "फार छान बोलल्या," त्या म्हणाल्या. "पण हे चालणार नाही."

"का?"

"नियमात मूळ भाषक लिहिलंय. म्हणजे जन्मापासून ती भाषा बोलणारा. या पंजाबच्या. बाहेरचा परीक्षक पहिल्याच वाक्याला थांबवेल. म्हणेल, व्याकरण बघा. आणि तुझं वर्ष जाईल."

मला रडू आलं आणि रागही आला. "अख्खा जन्म तिथं काढला त्यांनी, मॅडम. पँटी शिवल्या. पोरं वाढवली. मग त्यांची नाही तर कुणाची आहे ती भाषा?"

"मी तरी कुठं मूळ भाषक आहे?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आयुष्य गेलं माझं शिकवण्यात. माझी मुलाखतही चालणार नाही." मग म्हणाल्या, "मुलीला विचार. ती चालेल."

दीदीला विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. पण मी लिहिल्यावर तिचं लगेच उत्तर आलं, रविवारी सुट्टी आहे, फोन लाव. मी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून व्हिडिओ लावला. खाली क्लास सुटल्याचा गलका होता, म्हणून टाकीच्या आडोशाला गेले.

तिनं आधी ट्रामबद्दल सांगितलं. सकाळी पहिल्या फेरीला कसे झोपेतले लोक चढतात, बर्फ पडला की रूळ कसे दिसतात, पहिल्यांदा ट्राम चालवली तेव्हा बीजी मुद्दाम तिकीट काढून मागच्या डब्यात बसल्या होत्या आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरल्या नाहीत. मग मी माझा लिहून ठेवलेला प्रश्न विचारला, तुमची भाषा कोणती. परीक्षेसाठीचा साधा प्रश्न होता तो.

 "त्या दिवशी दवाखान्यात," ती म्हणाली, "तिचा हात धरून बसले होते ना, तेव्हा मला तिच्याशी पंजाबीत बोलायचं होतं. शब्दच सापडेनात. जे मनात येत होतं ते सगळं फ्रेंचमध्ये. मग मी तेच बोलले. शेवटी माझ्या आईशी मी तिला नीट न येणाऱ्या भाषेत बोलले." त्यानंतर ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प होते. रेकॉर्डिंग चालूच होतं.

मी म्हटलं, "दीदी, त्यांना सगळं कळत होतं. मला माहीत आहे. माझ्याशी बोलल्या ना त्या."

"हो?" ती म्हणाली.

"हो. सगळं."

ही मुलाखत मी शब्दन् शब्द उतरवली. जिथं आम्ही दोघी गप्प होतो तिथं नियमाप्रमाणं 'शांतता' लिहिलं. मराठी अनुवाद करताना तिचं आईशी बोलल्याचं ते वाक्य मला बरेच दिवस जमत नव्हतं. मराठीत ते जास्तच दुःखी वाटायचं. मॅडमनी पेन्सिलनं एक शब्द काढून टाकला आणि मग ते बसलं.

परीक्षक पुण्याहून आले होते. वयस्कर, मृदू बोलणारे. अहमदपूरच्या पोराचं सोयाबीन ऐकून त्यांना गंमत वाटली. माझ्या वेळी त्यांनी ट्रामबद्दल विचारलं, त्या शहराबद्दल विचारलं, आणि मग उतरवून काढलेल्या मुलाखतीच्या पानावर बोट ठेवलं. "इथं बरीच मोठी शांतता आहे," ते फ्रेंचमध्ये म्हणाले. "काय झालं होतं?"

"त्यांची आई वारली होती, सर. इथं, नांदेडला. मी तिथं होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग पान उलटलं. मला चांगले गुण मिळाले, फार चांगले नाहीत. व्याकरणात ते मधूनमधून कापलेलेच होते.

आमच्यानंतर त्या विषयाला कुणी प्रवेश घेतला नाही आणि कॉलेजनं तो बंद केला. मॅडम सोलापूरला परत गेल्या, तिथं शाळेतल्या मुलांना शिकवतात. अहमदपूरचा तो पोरगा शेती बघतो. त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी त्याचं अजून बोलणं असतं म्हणे. मी नांदेडला घरी राहून एका कंपनीचं काम करते. फ्रान्समधले लोक मागवलेल्या सामानाबद्दल तक्रारी लिहितात, त्यांना उत्तरं द्यायची. बहुतेक उत्तरं आधीच तयार असतात, ती फक्त निवडायची असतात. मागच्या महिन्यात एका माणसानं लिहिलं, की आईसाठी मागवलेली आरामखुर्ची उशिरा आली आणि आता ती परत न्या, आई राहिली नाही. त्यालाही एक तयार उत्तर आहे. मी ते उघडलं, वाचलं आणि बंद केलं. मग स्वतःच लिहायला बसले. चार ओळींना सगळी सकाळ गेली. खालून अम्मी जेवायला हाका मारत होती. पाठवायच्या आधी क्रियापदं पुन्हा एकदा तपासून घेतली, उत्तर पाठवलं आणि मग खाली गेले.